मेस म्हणजे घोळ

मार्चची अकरा तारीख, गेल्या वर्षीची. सकाळी मी आणि माझी धाकटी जाऊ मागच्या अंगणात घोळ निवडत बसलो होतो. घोळ म्हणजे ती लालसर देठांची, जाड पानांची आंबट पालेभाजी. पोलादपूरकडच्या बायका टोपलीत घालून आणतात. निवडायला कटकटीची. मुळं मातीसकट येतात आणि पानं इतकी बारीक की घाईने खुडली तर अर्धी भाजी केरात जाते. पण डाळ घालून केली की जेवणारे पुन्हा मागतात, म्हणून आम्ही ती करतो.

बिरवाडीत आमची मेस आहे. वसाहतीतल्या कारखान्यांत कामाला आलेली, भाड्याच्या खोल्यांत राहणारी माणसं आमच्याकडे दोन वेळा जेवतात. काहींचे डबे जातात, ते दीर, जावेचा नवरा, पोचवतो. नवरा कारखान्यात पाळीला असतो. स्वयंपाकघर आम्हा दोघींचं. सुरुवातीला दारावर 'घरगुती खाणावळ' अशी मराठी पाटी होती. कुणी ओडिशाचा, कुणी बिहारचा, कुणी तमिळ. निम्म्यांना ती वाचता यायची नाही आणि ते सरळ पुढच्या गल्लीत जायचे. मग मी पेंटरला बोलावलं. म्हटलं, हे सगळं पूस आणि एकच शब्द लिही, इंग्रजीत, मोठा, तांबडा. मेस. खाली बाण काढ. त्याला आता आठ वर्षं होत आली.

त्या दिवशी आमचं एक काम ठरायचं होतं. एका कंपनीत महिनाभर मोठी दुरुस्ती निघणार होती. त्यासाठी बाहेरून वीस-पंचवीस माणसं येणार होती आणि त्यांचं दोन्ही वेळचं जेवण कुणाकडे द्यायचं, हे कंपनी ठरवणार होती. एक आम्ही, दुसरं हायवेवरचं एक हॉटेल. काम मिळालं तर मागच्या अंगणावर पत्रा टाकून ते स्वयंपाकघरात घेता येणार होतं. आम्ही दोघी तेव्हा पाठीला पाठ लावून चपात्या लाटत होतो. एक वळली की दुसरीच्या कोपराला चटका. मला ते काम हवं होतं.

भाजी निवडून होते ना होते तोच कंपनीची गाडी दारात आली. दोघं उतरले. एक कंपनीचे साहेब, पुण्याकडचे, जेवणाखाण्याची आणि राहण्याची व्यवस्था बघणारे. दुसरा उंच, उन्हाने लाल झालेला गोरा इंजिनीअर, इंग्लंडचा. यंत्र त्याच्या कंपनीचं आणि येणारी माणसं त्याच्या हाताखाली काम करणार, म्हणून त्यांची जेवणाची जागा त्याला दाखवायला आणला होता.

तो गाडीजवळच थांबला. पाटीकडे बघितलं, मान मागे टाकली आणि हसत साहेबांना म्हणाला, "इट्स अ मेस." मग खिशातून फोन काढून पाटीचा फोटो घेतला.

मी पदराला हात पुसत पुढे गेले. माझं इंग्रजी पोलादपूरच्या शाळेतलं, दहावीपर्यंतचं. पण धंद्यापुरतं येतं, असा माझा समज होता.

"येस सर," मी म्हटलं. "मेस. एट इयर्स मेस."

त्याच्या भुवया वर गेल्या. "एट इयर्स?"

"येस. मंडे टू सॅटरडे फुल मेस. संडे हाफ मेस."

साहेबांना एकदम खोकला आला. गोऱ्याने चष्मा काढून डोळे पुसले. मला वाटलं माणूस खूश आहे, तर आणखी थोडं सांगावं. जावेला पुढे ओढलं. "सिस्टर-इन-लॉ," मी म्हटलं. "टुगेदर वी मेक मेस."

त्याने आत येऊन टेबलं बघितली, स्वयंपाकघरात डोकावला, पातेल्यावरचं झाकण उचलून वास घेतला आणि मान हलवली. साहेब सारखे घड्याळ बघत होते. पाच-दहा मिनिटांत गाडी गेलीसुद्धा.

"एवढा हसला म्हंजी काम झालं गो ताई," जाऊ म्हणाली.

मलाही तसंच वाटलं होतं.

भाजी शिजून खाली उतरली तेवढ्यात साहेबांचा फोन आला.

"बाई, जरा अवघड दिसतंय. त्यांना जागा बरी वाटलेली नाही."

"तसं म्हणाले का ते?"

"तुमच्या समोरच म्हणाले की. इट्स अ मेस."

"मेसच आहे ना साहेब."

"अहो, ती मेस नव्हे. इंग्रजीत मेस म्हणजे घोळ."

मी कढईकडे बघितलं. "घोळच आहे आज. डाळ घालून केलीय. त्यांना चालत नसेल तर दुसरी करते, बटाटा आहे घरात."



"भाजी नव्हे हो," साहेब म्हणाले. "घोळ. गोंधळ. पसारा. तुमच्याकडे सगळा पसारा आहे असं म्हणाले ते. संध्याकाळी मी हॉटेलवाल्याला होकार देणार आहे. तुम्ही वाट बघत बसू नये म्हणून आधी सांगितलं."

फोन ठेवला तेव्हा जाऊ कणीक मळत होती.

"काय म्हंतात?"

"म्हणतात, मेस म्हणजे घोळ."

"मंग? घोळच हाय."

"मीपण तेच म्हटलं. ही भाजी नाही. घोळ म्हणजे गोंधळ. पसारा."

तिला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तशी ती परातीसकट खाली बसली आणि हसायला लागली. "म्हंजी ताई, दुनिया दारावर शुभ लाभ लिवते आनि आपण पसारा लिवून बसलोय. वर बाण बी काढलाय. पसारा हिकडं हाय, या."

मला हसू येत होतं आणि काम हातातून चाललं होतं, दोन्ही एकदम. माझी मुलगी बारावीला होती आणि दोन पेपरांच्या मध्ये सुट्टी म्हणून पोटमाळ्यावर अभ्यास करत होती. मी तिथूनच तिचा जाडा शब्दकोश मागवला. ती तो घेऊन खाली आली आणि पान काढून दिलं. त्या एका शब्दाखाली अर्धा रकाना होता. मी उभ्यानेच वाचला. घाण. पसारा. गोंधळ. अडचणीची परिस्थिती. आणि मग कुठेतरी खाली, पुष्कळजणांनी एकत्र जेवायची जागा. म्हणजे आम्ही त्यात होतो, पण शेवटच्या पंगतीला.

"आई, तुला खरंच माहीत नव्हतं?" मुलगी म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"मग काय. कॉलेजात सगळे चिडवतात मला."

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही?"

"एवढी मोठी तांबडी पाटी. मला वाटलं तू ठरवून लिहिलीस."

मी चपात्या लाटायला घेतल्या, पण डोक्यातून तो शब्द जाईना. इतकी वर्षं दिवसातून पन्नासदा तोंडात येणारा शब्द. मेसचं सामान, मेसचा गॅस, मेस बंद, मेस चालू. आणि त्याला दुसरा अर्थ होता, तोही जगाला माहीत असलेला. दोन अर्थ एकमेकांच्या जवळचे असते तर मी सोडून दिलं असतं. पण मी माणसांना नीट बसवून वाढते त्या जागेला आणि उकिरड्याला एकच शब्द का असावा? कुणीतरी कधीतरी काहीतरी विचार करूनच हे केलं असणार.

"बघ गं," मी मुलीला म्हटलं, "आधी काय होतं? पसारा आधी की जेवण?"

"आई, परवा माझा चिटणिसाच्या कार्यपद्धतीचा पेपर आहे."

"दोन मिनिटं."

तिने फोनवर शोधलं. वाचता वाचता तीही ओट्याला टेकून उभी राहिली. शब्द फार जुना निघाला, फ्रेंचांकडून इंग्लंडात गेलेला. मुळात त्याचा अर्थ ताटात वाढलेलं अन्न. नंतर शिजवलेलं पातळसर काहीतरी, आमटीसारखं. मग चार जिन्नस एकत्र कालवलेलं, जनावरांपुढे ठेवतात तसलं. आणि असं कालवत कालवत पुढे घोळ, गोंधळ.

"म्हणजे जेवण आधी," मी म्हटलं.

"जेवणच आधी."

माझं लाटणं थांबलं होतं. "खिचडी," मी म्हटलं.

"आता खिचडी?" जाऊ म्हणाली. "अजून चपात्या व्हायच्यात गो ताई, डबे न्यायला ह्ये येतील."

"करायची नाही गं. ऐक. खिचडी म्हणजे काय?"

"खिचडी म्हंजी खिचडी. डाळ-तांदूळ."

"आणि परवा तू भावजींना काय म्हणालीस? डब्यांची खिचडी करून ठेवलीत."

मुलगी आधी ओरडली, "अगं हो की. भेळपण. अकाउंट्सच्या पेपरात माझी भेळ झाली."

"कालवाकालव," मी म्हटलं. "पोटात कालवाकालव होते ती कुठून आली? कालवणातूनच."

"चटनी," जाऊ म्हणाली. "माज्या भावानं रिक्षाची चटनी केली."

"चटणी म्हणजे चेंगरली. ते वेगळं."

"कशाला वेगळं? तुमचं तेवढं बरोबर आनि माजी चटनी वेगळी?"

तिची चटणी आम्ही धरली नाही, आणि ती दिवसभर रुसून होती. पण मला काय आनंद झाला होता ते सांगता येत नाही. इंग्रजांनी त्यांच्या ताटाचं जे केलं तेच आम्ही आमच्या खिचडीचं केलं होतं, एकमेकांना न विचारता. त्या नादात माझ्या दोन चपात्या जळल्या. त्या मी निमूटपणे स्वतःच्या ताटात घेतल्या.

दुपारी वाढताना एका बिहारी वेल्डरला विचारलं, "मेस का मतलब क्या?" तो म्हणाला, "मेस मतलब मेस, भाभी. दाल और दो." म्हणजे तिथेही माझीच गत.

जेवणं उरकल्यावर मी पुन्हा मुलीकडे गेले. काम अजून डोक्यात होतंच. "मला एक सांग. 'इट्स अ मेस' म्हणजे 'हा पसारा आहे' की 'ही खाणावळ आहे'?"

तिने जरा विचार केला. "दोन्ही होऊ शकतं."

"पाटी वाचून म्हणाला तो. आत यायच्या आधी."

"मग तर कळणारच नाही. वाक्यावरून ठरत नाही, आई. बोलणाऱ्यालाच विचारायला लागेल."

इथे मला वाट दिसली. साहेबांनी त्या वाक्याचा एक अर्थ काढला होता. दुसराही निघत होता. आणि संध्याकाळ अजून व्हायची होती.

"मला एक वाक्य करून दे," मी म्हटलं.

"मी नाही. तू कर. आम्हाला शाळेत सांगायचे तसं. शब्दाचा वाक्यात उपयोग करा."

मी भांडी घासता घासता वाक्य केलं. मग त्यातले दोन शब्द काढून टाकले. मुलीला म्हणून दाखवलं. तिने एका जागी 'अ' घालायला सांगितला आणि म्हणाली, हा 'अ' विसरलीस तर सगळं उलटं होईल. मी तो 'अ' विसरले नाही.

डब्यात भात, आमटी, दोन चपात्या आणि घोळाची भाजी भरली. साडी बदलली.

"विंग्रजी बोलायला चाल्लीस की भांडायला?" जाऊ म्हणाली.

"गेल्यावर ठरवते."

वसाहतीपर्यंत मिनीडोर रिक्षा मिळाली. कंपनीच्या गेटवरचा वॉचमन आमच्याकडे जेवणारा. मला बघून त्याने डब्याला हात घातला.

"तुझा नाही हा," मी म्हटलं. "गोरा साहेब बाहेर पडला का?"

"नाय अजून. मावशी, त्याला डबा? तो चमच्यानं खातो."

पाच वाजून गेल्यावर दोघं बाहेर आले, डोक्यावर हेल्मेटं, हातात कागदांची गुंडाळी. साहेबांनी मला बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"बाई, मी फोनवर सांगितलं होतं ना तुम्हाला."

"तुम्ही सांगितलंत. आता मला त्यांना एक विचारायचंय." आणि मी गोऱ्याकडे वळून सावकाश, एकेक शब्द सोडवून म्हटलं, "सर, माय मेस इज नॉट अ मेस."

तो थांबला. ते वाक्य त्याने हळूच स्वतःशी म्हणून बघितलं. पहिल्या मेसला एक बोट, दुसऱ्या मेसला दुसरं. मग त्याने हेल्मेट काढलं.

"यू सेड, इट्स अ मेस," मी म्हटलं. "विच मेस?"

आता तो हसला, पण सकाळसारखं नव्हे. त्याने फोन काढून पाटीचा फोटो दाखवला आणि तो शब्द बोटाने दाखवला. हा मेस. पाटी वाचली, बस. त्याच्या देशात जेवणाच्या जागेवर कुणी असं लिहीत नाही, म्हणून हसू आलं, बायकोलाही फोटो पाठवला. मग त्याने माझ्या स्वयंपाकघराबद्दल एक शब्द वापरला, जो मला आला नाही. मी साहेबांकडे बघितलं.

"स्पॉटलेस," साहेब नाइलाजाने म्हणाले. "म्हणजे डागसुद्धा नाही असं."

"येस," मी म्हटलं. "स्पॉटलेस."

"बट," गोरा म्हणाला, आणि मला वाटलं, आता आलं. दाराशी जिथे माणसं हात धुतात, पाण्याचं पिंप आहे, तिथे काळं पाणी साचलं होतं. आत येताना त्याला लांब ढांग टाकावी लागली होती. त्याने तीच ढांग गेटवर टाकून दाखवली, वॉचमनसमोर. "दॅट," तो म्हणाला, "इज अ मेस."

ते खरं होतं. तिथल्या पाण्याला जायला वाटच नव्हती. दर पावसाळ्याआधी करू करू म्हणून ते राहिलं होतं, आणि आम्ही सगळे त्यावरून उडी मारत होतो.

"येस सर," मी म्हटलं. "दॅट इज अ मेस."

इंजिनीअरने साहेबांना काहीतरी विचारलं, जरा भराभर. मला एवढंच कळलं की जागा नको असं तो कधी म्हणालाच नव्हता. त्याच्या मते जेवणाचं आमच्याकडे ठरलेलंच होतं. साहेब हातातले कागद उगाच नीट करत राहिले. मराठीत मला एक वाक्य अगदी जिभेवर आलं होतं, घोळ कुणी केला त्याबद्दलचं. मी ते बोलले नाही. पुढचा महिनाभर त्या साहेबांकडूनच काम घ्यायचं होतं.

बोलायला दुसरं होतंच. मी डबा गाडीच्या बॉनेटवर उघडला. त्याने चपातीत भाजी घेतली, हातानेच, आणि विचारलं हे काय.

"घोळ," मी म्हटलं. "व्हेजिटेबल. सर, इन मराठी घोळ इज व्हेजिटेबल, अँड घोळ इज मेस."

तो चावायचा थांबला. "सेम वर्ड?"

"सेम वर्ड. अँड खिचडी. खिचडी इज फूड. राइस, डाळ, मिक्स. अँड वर्क मिक्स, ऑल राँग, दॅट इज ऑल्सो खिचडी. लाइक युवर मेस. फर्स्ट फूड, देन घोळ."

माझं व्याकरण कसंही असेल, त्याला समजलं. खिचडी हा शब्द त्याने दोन-तीनदा म्हणून बघितला. मग साहेबांच्या हातातली गुंडाळी घेतली, दुरुस्तीचं सगळं वेळापत्रक होतं त्यात, ती बॉनेटवर उलगडली आणि बोट ठेवून म्हणाला, "सो धिस इज खिचडी."

"येस सर," मी म्हटलं. "करेक्ट यूज."

वॉचमनने तोंड दुसरीकडे फिरवलं. साहेबांना मात्र हसू आलं नाही.

जाण्याआधी साहेबांनी मला मराठीत सांगितलं की जेवणाचं काम तुमचंच, हॉटेलवाल्याला मी कळवतो, फक्त माणसं यायच्या आत ते हात धुण्याचं बघा. आणि उद्या दुपारी हे तुमच्याकडेच जेवायला येणार म्हणतायत.

"उद्याच बघते," मी म्हटलं.

घरी आले तेव्हा दोघी दारातच उभ्या होत्या. मी सगळं सांगितलं. मुलीने 'अ' बद्दल विचारलं. तो बरोबर पडला हे कळल्यावर ती अभ्यासाला वर गेली.

"मंग आता पाटी पुसायची?" जाऊ म्हणाली.

"कशाला? ओडिशाचा माणूस तीच वाचून येतो. असू दे."

"आनि माजी चटनी?"

"तुझी चटणी उद्या बघू."

त्या संध्याकाळी मी सगळ्यांना स्पॉटलेस शिकवला. जावेने घासलेल्या कढईत बोट फिरवून मी म्हटलं, ही स्पॉटलेस नाही. तिने कढई माझ्या हातात दिली. दीर विचारत होता, बायका कुठल्या भाषेत भांडतायत.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडलं तेव्हा मी फावडं घेऊन दारात होते. जावेने पिंप रिकामं करून भिंतीपासून बाजूला सरकवलं. काळा चिखल खरवडून घमेल्यात भरला आणि मागे केळीला टाकला. पिंपापासून रस्त्याकडच्या गटारापर्यंत हातभर रुंद चर खणला. दिराने कुठूनतरी फुटका पाइप आणला, तो उभा अर्धा कापून चरात पालथा न घालता उताणा बसवला. दोन्ही बाजूंना चिऱ्याचे तुकडे लावले आणि पिंपाखाली खडी पसरली. एक बादली ओतली. पाणी मध्येच अडलं. तिथला पाइप उचलून खाली माती घातली. पुन्हा ओतली. आता पाणी सरळ गटारात गेलं. मी आणखी एक ओतून बघितली, पाय धुतले आणि कणीक मळायला आत गेले.